बसून पाहिलेलं लिस्बन

प्रवासाला जावं तर मित्रांबरोबर, असं पुष्कळ लोक सांगतात. हे सांगणाऱ्यांनी मास्तर आणि गार्ड या जोडीबरोबर साधा लोणावळ्यापर्यंतसुद्धा प्रवास केलेला नसावा. मी २०१९ च्या जून महिन्यात या दोघांबरोबर लिस्बन शहर पाहिलं. 'पाहिलं' हे क्रियापद मी जरा जपूनच वापरतोय. खरं म्हणजे मी लिस्बनमधली बाकं पाहिली, कठडे पाहिले, देवळांच्या पायऱ्या पाहिल्या, आणि त्यांच्यावर बसल्या बसल्या पलीकडे जे काही शहर दिसत होतं तेही पाहिलं.

दोघांची ओळख करून द्यायला हवी. मास्तर हा खराखुरा मास्तर. वसईच्या एका शाळेत त्याने उभा जन्म इतिहास शिकवला. 'उभा' हा शब्दही महत्त्वाचा. कारण निवृत्त झाल्यापासून तो शक्यतो बसूनच असतो. गार्ड हा रेल्वेतला गार्ड. हिरवा झेंडा दाखवून याने हजारो गाड्या वेळेवर सोडल्या, पण स्वतः एकदा कुठे बसला की त्याला सिग्नल मिळता मिळत नाही. कॉलेजात आम्ही तिघं एका बाकावर होतो. त्या बाकाचं ऋण हे दोघे अजून फेडताहेत.

गार्डची मुलगी लिस्बनमध्ये संगणकाच्या कंपनीत नोकरीला. तिने बापाला बोलावलं आणि बापाने आम्हांला. बायकांनी फार आढेवेढे न घेता परवानगी दिली. विमानतळावर मात्र आमच्या हिने गार्डला बाजूला घेऊन चांगली दहा मिनिटं काहीतरी समजावलं. तो शाळकरी पोरासारखा मान डोलावत होता. लोणच्याची बरणी आडवी ठेवू नका एवढं सांगायला हिला सहज दहा मिनिटं लागतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय, असं तिथले लोक सांगतात. मोजणारा सातव्या टेकडीवर दमून बसला असावा. त्या शहरात सपाट जागा म्हणून नाहीच. रस्ता एक तर तुमच्या अंगावर येतो, नाही तर तुमच्या पायाखालून निसटतो. त्यातून फुटपाथ सगळे हातोडीने घडवलेल्या पांढऱ्या दगडी चौकटीच्या तुकड्यांचे. वर्षानुवर्षं लोकांनी टाचा घासघासून ते देवघरातल्या शाळिग्रामासारखे गुळगुळीत केलेले.

मुलीचं घर ग्रासा नावाच्या टेकडीवर. जवळच एक चर्च, त्याच्यासमोर फरसबंद कट्टा, वर पाइनची झाडं, आणि समोर सगळं शहर उतरत उतरत नदीला गेलेलं. पलीकडच्या टेकडीवर साँ जॉर्जचा किल्ला. बुरूज, तटबंदी, निशाण, सगळं साग्रसंगीत. पोर्तुगालच्या पहिल्या राजाने तो ११४७ साली मूरांकडून घेतला. मी त्याच क्षणी जाहीर केलं, "आज किल्ला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बघू," मास्तर म्हणाला.

"बघू काय? रायगड चढलोय मी. पायऱ्यांनी."

"कोणत्या साली?"

"साल काय विचारतोस! गेल्या वर्षी छातीत दोन नव्या स्प्रिंगा बसवून घेतल्यायत. डॉक्टर म्हणाले, आता विसरून जा आजाराला. तुमच्यापैकी कोणाकडे आहेत नवे पार्ट?"

हे खरं होतं. डॉक्टरांनी त्यापुढे आणखीही काहीतरी सांगितलं होतं, पण विसरून जायला सांगितल्यावर मी सगळंच विसरलो होतो.

तर आम्ही निघालो. मी पुढे, हे दोघे मागे. शंभर पावलं जातो न जातो तो मागून गार्डची हाक आली, "थांब रे, नाडी सुटली."

परमुलखात मित्राच्या तोंडून सकाळी सकाळी हे वाक्य ऐकल्यावर कोणाचंही काळीज लकाकेल. "शुभ बोल रे नाऱ्या! बुटाची म्हण, बुटाची," मी ओरडलो. तो वाकला होता. मी पुढे उभा राहून शहराकडे पाहत राहिलो. दोन मिनिटं झाली, चार झाली. ज्या माणसाने धावत्या गाडीत चढण्यात हयात घालवली त्याला नाडी बांधायला चार मिनिटं!

ग्रासावरून उतरलं की साँ व्हिसेंत द फोरा नावाचा मोठा पांढरा मठ लागतो. तिथे पोर्तुगालच्या ब्रागांसा घराण्यातली मंडळी विश्रांती घेत आहेत. संगमरवरी पेट्या, त्यांवर नावं. बँकेतल्या लॉकररूमची आठवण व्हावी अशी शिस्तशीर मांडणी. १९०८ साली गोळ्या घालून मारलेला राजा आणि त्याचा थोरला मुलगा शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांच्यापुढे एक दगडाची बाई तोंड झाकून रडत उभी आहे. पण मी गेलो होतो वेगळ्याच व्यक्तीला भेटायला. कॅथरीन ऑफ ब्रागांसा. १६६१ च्या करारात हिच्या लग्नाच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या राजाला देऊ केली गेली.

मी जन्माचा मुंबईकर. त्या पेटीसमोर उभं राहिल्यावर मला सासरच्या माणसासारखं अवघडल्यासारखं झालं. बिचारीने विधवा झाल्यावर काही वर्षांनी परत माहेर गाठलं आणि १७०५ साली इथेच देह ठेवला. हुंडा अर्थात परत मिळाला नाही. जावईबापूंनी १६६८ साली ती मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली होती. अख्खी मुंबई, वर्षाला दहा पौंड! आमची सोसायटी तेवढ्यात स्कूटरसुद्धा उभी करू देत नाही.

"पण वसई नाही दिली हुंड्यात," मास्तर अभिमानाने म्हणाला. "ती आम्ही घेतली. चिमाजी अप्पांनी. १७३९." त्याने हे इतक्या मोठ्यांदा सांगितलं की पहारेकरी बाईने ओठांवर बोट ठेवलं. लिस्बनमध्ये वसईचा हा दुसरा पराभव.

मठाला वर गच्ची आहे आणि तिथून नदी फार सुरेख दिसते असं तिकिटाबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं. मी जिन्याकडे वळलो तर मास्तर म्हणाला, "गच्ची बंद आहे आज." वर तर माणसं फिरताना दिसत होती. "ती दुरुस्तीची माणसं," गार्ड म्हणाला. दुरुस्तीच्या माणसांत एक बाई छत्री उघडून फोटो काढून घेत होती. पण गार्ड एव्हाना अंगणातल्या बाकावर बसलाही होता.

तिथून पुढे पोर्ताश दु सोल. म्हणजे सूर्याची दारं. नावाप्रमाणे तिथून सगळं उजेडात न्हालेलं दिसतं. खाली अल्फामाची लाल कौलं, त्यांच्यात अडकलेले घुमट, आणि त्यापलीकडे तेजू नदी, समुद्राएवढी रुंद. आणि इथूनच एक गल्ली वर किल्ल्याकडे जाते. मी कोणाला न विचारता चढायला लागलो. वीसेक पावलांवर मास्तरने माझा दंड धरला.

"इथे उभा राहा. तू कुठे उभा आहेस माहीत आहे?"

"चढावर."

"१ नोव्हेंबर १७५५!" मास्तरने वर्गात शिरल्यासारखा आवाज लावला. मग त्याने मला भूकंप सांगितला. सगळ्या संतांच्या सणाचा दिवस, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या लावलेल्या. जमीन हलली, घुमट कोसळले. लोक मोकळ्या जागा शोधत नदीकाठी धावले, तर नदीतून लाट आली. लाटेने ज्यांना सोडलं त्यांना मेणबत्त्यांच्या आगीने धरलं. ती आग कितीतरी दिवस धुमसत होती. खालचं शहर साफ झालं. हा अल्फामाचा डोंगर मात्र पक्क्या खडकावर असल्यामुळे पुष्कळसा वाचला, आणि म्हणून या गल्ल्या अजून अशा वाकड्यातिकड्या आहेत. प्रत्यक्षात भूकंप काही मिनिटांत आटोपला होता. मास्तरला वीस मिनिटं लागली. आणि ती संपल्यावर आपण खाली जेवायला जाणार आहोत असं त्याने मला वळवताना सांगितलं. किल्ला डोक्यावर तसाच उभा राहिला.

अल्फामात उतरल्यावर मात्र माझा राग थोडा निवळला. ती वस्ती पाहून गिरगावातल्या माणसाला परदेश वाटणं कठीण आहे. हात लांब केला तर समोरच्या घरातली आमटी ढवळता येईल एवढी रुंद गल्ली. खिडकीखिडकीतून वाळत घातलेले कपडे. कोण काय नेसतं हे सगळ्यांना ठाऊक. सेंट अँथनीचा सण चार-पाच दिवसांवर आला होता. हा संत इथलाच, लिस्बनमध्ये जन्मलेला. हरवलेल्या वस्तू शोधून देतो आणि लग्नं जुळवतो. हे दोन विभाग एकाच्याच हाताखाली का, ते कोणी सांगेना. गल्लीतून पताका लागल्या होत्या, पोरं स्टुलावर चढून दोऱ्या बांधत होती, खालून म्हातारे सूचना करत होते. वर्गणीचं पुस्तक तेवढं दिसलं नाही. दारात बसलेली एक आजीबाई चेरीची दारू एवढ्याएवढ्या कपातून विकत होती. एक युरोला एक कप. मी नाणं काढलं, तर गार्डने आजीबाईंना हात जोडून नमस्कार केला आणि मला पुढे ढकललं. "उन्हाची बाधते," म्हणे. कॉलेजच्या गॅदरिंगनंतर याला आम्ही कोणत्या अवस्थेत घरी पोचवला होता, हे त्या आजीबाईंना सांगण्याइतकं पोर्तुगीज मला येत नव्हतं.

तसं थोडं येत होतं. मुलगी पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "काका, अर्धी भाषा तुम्हांला येतेच." आणि खरंच की! चावीला ते शाव म्हणतात. कोबी म्हणजे कोव्ह. पाव, बटाटा, काजू, अननस, बालदी, घमेलं, लिलाव, हे सगळं सामान यांच्याच गलबतांतून आपल्याकडे उतरलेलं. उलट आपला सामोसा यांच्या हॉटेलांत 'शामुसा' होऊन काचेच्या कपाटात बसलाय. आत मटण घालून त्यांनी त्याला बाटवलाय तेवढं सोडा. खाणावळीत मी छातीठोकपणे 'बताता' मागितले आणि तळलेल्या बटाट्यांचा ढीग आला, भाजलेल्या सार्डिन माशांबरोबर. वर जाडं मीठ. अहाहा! पण माझ्या वाट्याला त्यातले आले किती? मोजून सहा काप. बाकीचे मास्तरने माझ्या ताटातून बोलता बोलता उचलून खाल्ले. स्वतःच्या ताटातले आधीच संपवून! माशांवरचं मीठ गार्डने सुरीने खरवडून टाकलं, माझ्या माशांवरचं. निवृत्तीनंतर माणसं हावरट होतात हे ऐकून होतो, पण इतकी?

बिल मागवायची वेळ आली. पैसे देणे याला पोर्तुगीजमध्ये क्रियापद आहे 'पगार'. मी आयुष्यभर पगार म्हणजे हातात येणारी वस्तू समजत आलो होतो. आमच्याकडे हा शब्द देताना त्याची दिशा कोणी फिरवली कोण जाणे. "पगार, पगार," असं म्हणत मी वेटरसमोर नोटा धरल्या, तेव्हा मालक आपण आहोत की नोकर, हे क्षणभर कळेना.

मग अठ्ठावीस नंबरची ट्राम. पिवळी, लाकडी बाकांची, वळणावर आपल्या आजोबांसारखी कण्हणारी. चाळींच्या मधून जाताना ती इतकी भिंतीला लागून जाते की बाहेरचा माणूस पोट आत घेऊन उभा राहतो. या ट्राममध्ये खिसेकापूंचा सुळसुळाट आहे असं सगळी पुस्तकं सांगतात. म्हणून असेल, पण गार्ड सकाळपासून आपल्या जाकिटाचा डावा खिसा पुन्हा पुन्हा चाचपत होता. पाकीट तर त्याच्या उजव्या खिशात असतं. चोराला फसवायची रेल्वेची काही युक्ती असेल.

ट्रामच्या कपाळावर शेवटच्या थांब्याचं नाव होतं, प्राझेरेश. मास्तर म्हणाला, "प्राझेरेश म्हणजे सुखं. आणि तिथे आहे काय, तर स्मशानभूमी. १८३३ च्या कॉलऱ्यात केलेली."

"वा!" मी म्हणालो. "मग शेवटपर्यंतचं तिकीट काढा माझं. एकेरी."

कोणत्याही फालतू विनोदाला खो खो हसणारे हे दोन प्राणी या वेळी हसले नाहीत. कळला नसेल म्हणून मी पुन्हा सांगितला. तेव्हा गार्ड खिडकीबाहेर पाहायला लागला.

खालच्या शहरात उतरून, पंधरा नंबरची ट्राम धरून आम्ही बेलेंला गेलो. हा भाग नदीकाठचा आणि सपाट. हे दोघे तिथे एकदम तरतरीत झाले. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या डाव्या हाताला वास्को द गामा झोपलाय. दगडाचा पुतळा, हात जोडलेले. १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्याला लागला तो हाच. १५२४ साली तिसऱ्या खेपेला आला आणि नाताळच्या आदल्या दिवशी कोचीनला वारला. समोर कवी कामोंइशची समाधी. हा कवी काही वर्षं गोव्यात काढून गेलेला. मास्तर वास्कोजवळ गेला, वाकला, आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. "काय सांगितलंस?" मी विचारलं. "१७३९," मास्तर म्हणाला. या वेळी हळू आवाजात.

शेजारीच १८३७ पासून चाललेलं मिठाईचं दुकान. निळ्यापांढऱ्या फरशा लावलेल्या खोल्यांतून खोल्या, आणि सगळीकडे एकच वास. कुरकुरीत वाटीत भाजलेली कस्टर्डची पुरणं, वर दालचिनी आणि पिठीसाखर. सहा घेतली. तिघांत सहा म्हणजे प्रत्येकी दोन, हे गणित मी बँकेत असल्यामुळे मला चटकन येतं. माझ्या वाट्याला एक आलं. मी हात पुढे करेपर्यंत मास्तरने तिसरं तोंडात टाकलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कस्टर्ड गरम असल्यामुळे, असं मला वाटलं. त्याला गोड आवडत नाही हे मला पुष्कळ उशिरा आठवलं.

संध्याकाळी परत आलो तो व्यापार चौकात. तिथे भूकंपापूर्वी राजवाडा होता. चौकाच्या टोकाला संगमरवरी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, दोन्ही बाजूंना दोन खांब. आपल्या गेटवेला जसे लोक जाऊन उगाच बसतात तसेच तिथेही बसलेले. जूनमध्ये तिकडे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे कोणालाच घरी जायची घाई नव्हती. लांब लाल पूल दिसत होता, त्याच्या पलीकडे हात पसरलेला उंच येशू. आम्ही जोडे काढले आणि पाय पाण्यात सोडले. पाणी थंडगार. गार्डने जाकीट काढून माझ्या मांडीवर टाकलं आणि पँट दुमडत तो मास्तरबरोबर दोन पायऱ्या खाली उतरला.

जोडे शेजारी ओळीने ठेवले होते. माझे नाडीचे. मास्तरच्या चपला. आणि गार्डचे बूट.

गार्डच्या बुटांना नाड्या नव्हत्या. सुटायलाही नव्हत्या आणि बांधायलाही. नुसते पाय सरकवायचे बूट, बाजूला इलॅस्टिक. मी एक उचलून उलटासुलटा करून पाहिला. सकाळपासून हा माणूस नाडी बांधायला सात वेळा वाकला होता.

मग मी जाकिटाच्या डाव्या खिशात हात घातला. गोळ्यांची पट्टी होती. जिभेखाली ठेवायच्या असतात त्या. माझ्याही खिशात असायला हव्या होत्या. पण मी तर आजार विसरलो होतो.

बँकेतल्या माणसाला खातं जुळेनासं झालं की झोप येत नाही, आणि जुळायला लागलं की ते सटासट जुळतं. गच्ची. चेरीची दारू. बटाट्याचे काप. माशांवरचं मीठ. तिसरं कस्टर्ड. विमानतळावरची दहा मिनिटं. आणि सकाळपासूनचा रस्ता, तो तर सगळा उताराचा होता की! आधी मला राग आला. मी काय काचेचं भांडं आहे? मग गार्डकडे पाहिलं. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून मास्तरला काहीतरी सांगत होता आणि मध्ये मध्ये मान वळवून माझ्याकडे पाहत होता, गाडीचा शेवटचा डबा सिग्नलच्या आत आला की नाही ते पाहावं तसं. मी पट्टी परत खिशात ठेवली.

परत ग्रासाला चढायचं होतं. अठ्ठावीस नंबर माणसांनी फुगून आली आणि न थांबता गेली. पुढचीही तशीच. "टॅक्सी करू," गार्ड म्हणाला. "कशाला?" मी सवयीने म्हणून गेलो. "चालू या की." दोघांनी पुन्हा एकमेकांकडे पाहिलं आणि काही न बोलता चालायला लागले. कॅथेड्रलकडे जाणारा तो रस्ता चांगलाच खडा आहे. मी पुढे, ते मागे. मागे मास्तरची चप्पल फटक फटक वाजत होती. तो आता कोणत्या सालापासून सुरुवात करणार, याची मी वाट पाहत होतो. वीस पावलं झाली, तीस झाली. छातीत काही दुखत नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण श्वास थोडा मोठा झाला होता, एवढं खरं.

मी थांबलो. फुटपाथच्या कडेला वाकलो आणि म्हणालो, "थांबा रे. नाडी सुटली."

पुढच्या क्षणी काय झालं ते सांगतो. मास्तर, जो निवृत्तीनंतर कधी धावलेला नाही, तो धावला आणि त्याने माझं मनगट धरलं. गार्डचा हात डाव्या खिशात गेला, पट्टी बाहेर आली, गोळी फुटून त्याच्या तळव्यावर आली, आणि तो जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात "तोंड उघड, तोंड उघड" म्हणत होता. त्याचा हात थरथरत होता. धावत्या गाडीच्या दांड्याला धरताना तो कधी थरथरला नसेल.

"बुटाची रे," मी म्हणालो. "बुटाची."

गार्डने खाली पाहिलं. माझ्या दोन्ही नाड्या दुहेरी गाठीने घट्ट बांधलेल्या होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. मास्तरने माझं मनगट सोडलं नव्हतं. तो घड्याळात बघून अजून ठोके मोजत होता.

"गाढवा," गार्ड म्हणाला.

"किल्ला खालूनही बरा दिसतो, नाही?" मी म्हणालो.

"बहात्तर," मास्तर म्हणाला.

मग आम्ही तिघं तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर बसलो. समोरून अठ्ठावीस नंबर दोनदा वर गेली. दुसरी जवळजवळ रिकामी होती.